घासून गेलेला नंबर

तांडेल मॅडमनी पांढरा कागद पितळेच्या पट्टीवर दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून त्यावर घासायला सुरुवात केली. वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. पट्टीवर कोरलेला चेसिस नंबर कागदावर उमटायला हवा होता. कागद नुसताच काळा होत गेला.

"दुसरा कागद द्या," त्या म्हणाल्या.

वल्लरीने फाइलमधून दुसरा कागद काढून दिला. मोटारीचं बॉनेट उघडं होतं आणि कुशाबा मेकॅनिक ते एका हाताने तोलून उभा होता, कारण बॉनेट टेकवायची सळई केव्हाच हरवली होती. ठाकूरद्वारची ती वाडी सकाळच्या वेळी एवढी शांत कधी नसते, पण आज वरच्या गॅलऱ्यांतून सगळे कठड्यांवर वाकून बघत होते. आरटीओचा माणूस धराधरांची मोटार तपासायला येणार, ही बातमी केव्हाच जिन्याजिन्यात पोचली होती. माणूस आला नाही, बाई आली, यावरही बोलून झालं होतं.

दुसराही कागद काळा झाला. तांडेल मॅडमनी पेन्सिल कानामागे खोचली, मोबाइलचा दिवा लावला आणि पट्टीजवळ डोळे नेले. मग अंगठ्याने पट्टी चाचपून बघितली.

"मॅडम, नंबर कुठाय?"

"म्हणजे?" वल्लरी म्हणाली.

"पट्टी कोरी आहे. हात लावून बघा तुम्ही."

वल्लरीने चष्मा लावला. पट्टी लखलखत होती, इतकी की तिला तीत आपलाच चष्मा दिसला. कोपऱ्यांतल्या स्क्रूंभोवती, जिथे बोट पोचत नाही तिथे, अक्षरांच्या शेपट्यांसारखं काहीतरी उरलं होतं. बाकी सगळं सपाट.

"चांगली घासून ठेवलीय मी, दिसेल नीट," मागून आवाज आला.

मोटारखान्याच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर लीलाबाई बसल्या होत्या, वल्लरीची आई. साहेब लोक येणार म्हणून त्यांनी सकाळीच चांगलं लुगडं नेसून घेतलं होतं आणि कुणी नको म्हणायच्या आत खाली उतरून जागा धरली होती.

"परवाच्या अष्टमीला घासली," त्या आनंदाने सांगू लागल्या. "आधी चिंच, मग रांगोळी. पूर्वी राख असायची, आता राख कुठली मिळतेय. देवाच्या भांड्यांबरोबरच घासते मी दर वर्षी. लग्न होऊन आले तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नाही."

कुशाबाने बॉनेट दुसऱ्या हातात घेतलं.

धराधरांच्या घरात ती पद्धतच होती. खंडेनवमीला मोटारीची पूजा व्हायची. हार घालायचा, नारळ वाढवायचा, गंध लावायचं, ही पुरुषांची कामं. पण मोटारीचं पितळ मात्र घरच्या सुनेचं. अष्टमीच्या संध्याकाळी समया, घंटा, ताम्हन यांच्याबरोबर मोटारीचा भोंगा निघायचा, दिव्यांच्या कडा निघायच्या, आणि बॉनेट उघडून आतली पट्टीसुद्धा घासायची, कारण पितळ ते पितळ. देवाचं चकचकीत आणि गाडीचं काळवंडलेलं हे लीलाबाईंच्या सासूला खपत नसे. सासू गेली, पुढे वल्लरीचे वडील, अण्णा, गेले, मोटार बंद पडून मोटारखान्यात धूळ खात उभी राहिली, तरी पट्टीची चमक गेली नाही. नंबर मात्र गेला. एकेका नवमीला थोडा थोडा गेला असणार, आणि लीलाबाईंशिवाय कुणाचा तिकडे हातही लागला नव्हता.

"आई!" वल्लरीचा आवाज चढला. "अगं, काय करून बसलीस हे?"

"काय केलं?"

"नंबर घासून टाकलास! तोच तर हवाय यांना! वर्षभर मी हिच्यासाठी चपला झिजवतेय आणि तू..."

"पण मी काय म्हणते..."

"तू आता काही म्हणू नकोस. गप्प बस जरा." मग ती तांडेल मॅडमकडे वळली. "तिला ऐकायला कमी येतं."

हे वल्लरी सगळ्यांनाच सांगत असे, डॉक्टरला, बँकेत, बिल्डरच्या माणसालाही. लीलाबाईंना उत्तम ऐकू यायचं. पण मुलीने सांगून टाकलं की त्या ओठ मिटून घेत आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसत. आताही त्यांनी तेच केलं.

वल्लरीचा संताप कळण्यासारखा होता. ती ऑस्टिन मोटार अण्णांच्या वडिलांनी घेतलेली. तिचे कागद अण्णांच्या कपाटात होते आणि कपाटासकट वाळवीने खाल्ले. इंजिनही मधे कधीतरी बदललेलं, त्यामुळे त्याच्या नंबरावरून काही सिद्ध होत नव्हतं. वाडी आता पाडायची होती. नाताळच्या आत सगळ्यांनी जागा सोडायची, नव्या इमारतीत ज्यांच्या गाडीचं आरसी बुक असेल त्यांनाच पार्किंग, आणि बिनकागदाची वाहनं सरळ भंगारात, असं बिल्डरने नोटीस बोर्डावर लावून टाकलं होतं. वाडीत बिनकागदाचं वाहन एकच होतं.

"देऊन टाक ना, ताई," धाकटा भाऊ अभिषेक म्हणाला होता. तो बायकोमुलांसह प्रभादेवीला राहायचा. "एक जण पार्ट्ससाठी घ्यायला तयार आहे."

"पार्ट्स म्हणून? अण्णांची गाडी?"

"मग काय करणार तिचं तू?"

"माझ्या नावावर करणार," वल्लरी म्हणाली होती, आणि ते बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच कळलं की आपल्याला हेच हवं आहे, आणि बरीच वर्षं हवं आहे.

ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती. लग्न केलं नाही. जन्म या वाडीत, नोकरी इथून, अण्णांचं शेवटचं आजारपण इथेच काढलेलं. पण भाड्याची पावती अण्णांच्या नावाची होती ती मुलगा म्हणून अभिषेकच्या नावावर झाली, आणि नवा फ्लॅटही त्याच्याच नावावर होणार होता. "तू राहा ना, तुला कोण जा म्हणतंय," असं अभिषेक मनापासून म्हणायचा, आणि ते मनापासून म्हणायचा म्हणूनच तिला जास्त लागायचं. या घरात तिच्या नावावर गॅसचं कनेक्शनसुद्धा नव्हतं. मोटार तेवढी कुणाच्याच नावावर नव्हती. अण्णांनी तिला याच मोटारीवर गाडी शिकवली होती, चौपाटीच्या रस्त्यावर, पहाटे. आजी कपाळाला हात लावून बसायची तरी शिकवली होती. कुणाची नसलेली ही एक वस्तू आपली करून घ्यायची असं तिने ठरवलं, आणि वल्लरी धराधरने ठरवलं म्हणजे ठरवलं.

आरटीओतला पहिला कारकून हसला होता. "बाई, ही गाडी कागदावर जन्मलेलीच नाही," तो म्हणाला. "मग तिचा जन्म कुठे नोंदवायचा ते सांगा," असं म्हणून ती त्याच्यासमोर बसूनच राहिली. जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी असते हे तिने त्यालाच शोधायला लावलं. गाडी चोरीची नाही असा पोलिसांचा दाखला आणला. दाखला देणाऱ्या हवालदाराने विचारलं, "एवढी जुनी गाडी चोरणार कोण?" ती म्हणाली, "तेच लिहून द्या." वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली, कुणाचा या मोटारीवर हक्क असल्यास कळवावे म्हणून. कुणी कळवलं नाही. वारसांची ना-हरकत लागत होती, तर अभिषेकची सही त्याच्या ऑफिसच्या लॉबीत उभ्याउभ्या घेतली आणि आईची स्वयंपाकघरात. लीलाबाई तेव्हा भानोल्याचं पीठ कालवत होत्या. "इथे सही कर," वल्लरी म्हणाली. "हात पुसून कर." त्यांनी हात पुसून सही केली. काय लिहिलंय ते वल्लरीने वाचून दाखवलं नाही. आईला गाडीतलं काय कळतंय, असं तिला वाटलं. खरं तर एवढंही वाटलं नाही. तसा विचारच तिच्या मनात आला नाही.

गाडी चालती करायचं काम कुशाबाचं. लालबागला त्याचं गॅरेज होतं. तो रोज दुपारी येऊन मोटारीखाली शिरायचा आणि संध्याकाळी हसतमुखाने काळा होऊन बाहेर पडायचा. गेल्याच आठवड्यात इंजिन धडधडलं होतं आणि अख्खी वाडी टाळ्या वाजवत गॅलरीत आली होती. बिनकागदाची गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती, म्हणून तर निरीक्षक वाडीत आल्या होत्या. आणि आता सगळं या पट्टीवर येऊन अडलं होतं.

"हे असं चालणार नाही," तांडेल मॅडम म्हणाल्या. त्यांचं नाव तेजस्वी, वय फार नव्हतं, आणि बोलणं सरळ होतं. "चेसिस नंबर नसेल तर मी काय नोंदवू? उद्या कुणीही पत्र्याचा डबा आणून म्हणेल, ही माझ्या आजोबांची गाडी."

"नवा नंबर कोरून मिळत नाही का?"

"मिळतो. पण मूळ नंबर काय होता त्याचा पुरावा लागतो. तो आहे?"

वल्लरीला रडू आवरेना असं झालं. गॅलरीभर माणसं होती म्हणून तिने आवरलं.

"फ्रेमवर पण ठोकलेला असतो, मॅडम," कुशाबा म्हणाला. "सगळ्या गाड्यांना नसतो, पण असतो कधी कधी. रंगाखाली, गंजाखाली असेल. बघू काय?"

"बघा. मी थांबते."

कुशाबा बॉनेट मिटून, गोणपाट पसरून मोटारीखाली गेला. आतून तारेच्या ब्रशचा खरखराट सुरू झाला. वल्लरीचा फोन वाजला, अभिषेक होता.

"काय झालं गं? पास?"

"नंबर सापडत नाहीये. आईने घासून टाकलाय."

पलीकडे तो हसू लागला. पोट धरून हसला. "अरे देवा! सॉरी, सॉरी ताई. पण बघ ना... आता तरी सोड. त्या पार्ट्सवाल्याला कळवू का?"

"कळवून तर बघ," वल्लरी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

इकडे लीलाबाईंनी तांडेल मॅडमना आपल्या शेजारच्या स्टुलावर बसवून घेतलं होतं. मुलीने गप्प बस म्हटलं होतं, पण पाहुण्याशी बोलायला बंदी नव्हती.

"कुठल्या गं तुम्ही?"

"वरळी कोळीवाडा, आजी."

"अगं बाई! मग तुमच्याकडचंच खाऊन वाढलो आम्ही. आमच्या परभांच्या, म्हणजे पाठारे प्रभूंच्या, घरात एक वेळ देव उपाशी राहील, पण मासळीवाली आली नाही असं व्हायचं नाही."

तांडेल मॅडम पहिल्यांदाच हसल्या. तेवढ्यात मोटारीखालून कुशाबाचा आवाज आला.

"आहे! आहे मॅडम! ठोकलेला आहे. पण गंज खूपय. 'जी' दिसतंय. मग दोन. पुढचं सगळं खाल्लंय."

"तीन, शून्य, नऊ," लीलाबाई म्हणाल्या.

त्या इतक्या सहज म्हणाल्या की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग तांडेल मॅडम ताडकन उठल्या.

"थांबा. कुशाबा, आता एक अक्षर बोलू नका. ब्रश खाली ठेवा. आजी, तुम्हाला नंबर माहितीये?"

लीलाबाईंनी वल्लरीकडे पाहिलं.

"सांग ना, आई," वल्लरी म्हणाली.

"जी, दोन, तीन, शून्य, नऊ, सात, एक," लीलाबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांचा उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. "नऊच्या आधी थोडी जागा सोडलेली. एकाला खाली पाय होता, इंग्रजी असतो तसा."

तांडेल मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं, कागद उलटा केला आणि कुशाबाला म्हणाल्या, "आता करा साफ. सावकाश."

गंजावर लावायचं काहीतरी कुशाबाच्या डब्यात होतं. ते लावलं, थांबला, पुसलं, पुन्हा लावलं. गॅलरीतला एक प्रेशर कुकर शिट्ट्या देत राहिला आणि कुणी तो बंद करायला गेलं नाही. "तीन," कुशाबा म्हणाला. मग तो पुन्हा पुसू लागला. "शून्य. मधे जागा सोडलीय. नऊ." वल्लरीने मोटारीच्या मडगार्डवर हात टेकला. "सात. आणि हा एक. पायवाला."

वरून टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. तांडेल मॅडम स्वतः गोणपाटावर आडव्या झाल्या, खाली जाऊन कागद धरून पेन्सिल घासली आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला ग्रीस लागलं होतं आणि कागदावर नंबर उमटला होता.

"आजी, एवढा पाठ कसा काय तुम्हाला?"

"नव्याने आले होते ना घरात. घर मोठं, सासू कडक, हे दिवसभर कचेरीत. मी मॅट्रिक झालेली, पण वाचायला हातात काही पडायचं नाही. या पट्टीवर तेवढं इंग्रजी लिहिलेलं होतं. घासता घासता वाचायची. पुढे पुढे दिसेनासं झालं तरी म्हणायची. सवय."

"मग आधी का नाही सांगितलंस?" वल्लरी म्हणाली.

"विचारलं कुणी?"

त्या रात्री वल्लरीने आईला स्वतःच्या हाताने कोलंबीचं खडखडलं करून वाढलं. माफी मागायची होती, पण ती जमली नाही, तेव्हा तिने कोलंबीच जास्त वाढली. लीलाबाईंनी ती आवडीने खाल्ली.

पुढचं सगळं भराभर झालं. तपासणीचा शेरा चांगला आला आणि शेवटच्या सुनावणीचा दिवस मिळाला. वारसांनी समक्ष हजर राहायचं होतं. अभिषेक ऑफिसातून परस्पर आला. वल्लरी आईला टॅक्सीने घेऊन गेली. तिने सगळे कागद क्रमाने लावले होते, प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि बाहेर पडताना देवापुढे साखर ठेवली होती. एवढ्या वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. टॅक्सीत ती चक्क गुणगुणली.

तांडेल मॅडमच्या टेबलापुढे तीन खुर्च्या होत्या. त्यांनी फाइल उघडली, पानं उलटली आणि मान हलवली.

"सगळं बरोबर आहे. एवढी पक्की फाइल माझ्याकडे क्वचित येते. आता फक्त एक फॉर्मॅलिटी. ही मोटार वल्लरी धराधर यांच्या नावावर करायला तुमची हरकत नाही, असं दोघांनी लिहून दिलंय. मला ते तोंडी विचारावं लागतं. अभिषेक धराधर?"

"नाही, काही हरकत नाही," अभिषेक फोनमधून मान वर न करता म्हणाला.

"लीला धराधर?"

"आहे," लीलाबाई म्हणाल्या.

वल्लरी हसली. "आई, त्या विचारतायत हरकत आहे का. नाही म्हण." मग मॅडमना, "तिला ऐकायला..."

"मला व्यवस्थित ऐकू येतं," लीलाबाई म्हणाल्या. "माझी हरकत आहे. मोटार माझ्या नावावर व्हायला पाहिजे."

अभिषेकने फोन खिशात ठेवला. शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा लिहायचा थांबला.

"आई, तू काय करणार गाडी घेऊन? या वयात?" अभिषेक म्हणाला.

"तू काय करणार होतास? विकणार होतास."

"अगं, पण तू सही केलीयस ना आधी?"

"केली. वल्लरी म्हणाली कर, मी केली. तुझ्या पावतीवर केली तेव्हा तू म्हणालास कर. तुझे वडील म्हणायचे कर. मी सगळ्यांना नेहमी केलीय."

वल्लरीला राग आला. असा राग आला की तिला कानशिलं तापलेली कळली. वर्षभर उन्हातान्हात फिरले ते मी. कारकुनांची तोंडं बघितली मी. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो काढून घेतेय कोण, तर माझी सख्खी आई. तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण काय बोलायचं ते जुळवताना, ते वाक्य आईच्या तोंडी जास्त शोभतं आहे असं तिच्या लक्षात आलं. या घरात माझ्या नावावर काही नाही. हे ती अण्णांना मनातल्या मनात म्हणत आली होती, अभिषेकला भांडून म्हणाली होती. आईला कधी म्हणाली नव्हती. आईच्या नावावर काय आहे, हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

"का गं, आई?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मलाच तर मिळतेय ना? तुझ्याच लेकीला?"

"तुलाच द्यायचीय मला," लीलाबाई म्हणाल्या. "पण तू ती माझ्याकडून घेत नाहीयेस. तू ती अण्णांकडून घेतेस आणि मी फक्त बाजूला होतेय. हरकत नाही म्हणणं म्हणजे देणं नव्हे, वल्लरी. मी आयुष्यात कुणाला काही दिलेलं नाही गं. लोकांनी घेतलं आणि मी नाही म्हटलं नाही, एवढंच. एकदा माझी होऊ दे. मग मी तुला देईन. माझ्या हाताने."

बोलून बोलून त्यांचे ओठ सुकले होते. त्यांना कुणी पाणी दिलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

तांडेल मॅडमनी फाइल मिटली. "मला तुम्हाला सांगायला हवं," त्या वल्लरीकडे बघून हळू म्हणाल्या. "नाव बदललं तर अर्ज नवा. प्रतिज्ञापत्रं नवी. पेपरात जाहीर सूचनाही पुन्हा. आणि नंतर आजींकडून तुमच्या नावावर करायला वेगळी प्रोसेस. त्याआधी काही कमीजास्त झालं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

वल्लरीला ते पुरं करता येत होतं. आईला काही झालं तर मोटार पुन्हा वारसांची. पुन्हा अर्धी अभिषेकची. पुन्हा पार्ट्सवाला. आणि नाताळ जवळ आला होता.

"ताई, तू समजाव तिला," अभिषेक म्हणाला. "घरी जाऊन बोलू. आज फक्त नाही म्हणू दे, संपलं."

वल्लरीने आईकडे पाहिलं. लीलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत नव्हत्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून त्या सरळ बसल्या होत्या, जणू परीक्षेचा पेपर हातात पडायची वाट बघत होत्या.

"अभिषेक, बिल्डरशी तू बोलायचंस," वल्लरी म्हणाली. "घर तुझ्या नावावर आहे ना? मग मोटारखानाही तुझाच. मोटारखाना शेवटी पाडा म्हणावं. नाही ऐकलं तर मी गाडीत जाऊन बसते, मग आणू देत त्यांना क्रेन."

"अगं पण, पुन्हा सगळं पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. रस्ता माहितीचा झालाय आता, पहिल्याइतका वेळ नाही लागायचा." तिने फाइल आपल्याकडे ओढली, आईने सही केलेला ना-हरकतीचा कागद काढला आणि फाडून पर्समध्ये टाकला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिने चष्मा काढून सरळ हाताच्या पालथ्या बाजूने पुसलं. "मॅडम, नवा फॉर्म द्या. आणि मुलगी म्हणून माझी ना-हरकत लागेल, त्याचाही नमुना द्या."

तांडेल मॅडमनी खणातून कोरा फॉर्म काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

"अर्जदाराचं पूर्ण नाव?" त्यांनी सवयीने वल्लरीकडे बघत विचारलं.

"त्यांनाच विचारा," वल्लरी म्हणाली.

लीलाबाईंनी खुर्ची थोडी पुढे सरकवली आणि सांगायला सुरुवात केली.